एम-४० रेप्लिका, ‘बॅटल एज्ड’ फिनिश: कामाला पाच स्टार, विचाराला दोन

आधीच सांगून टाकतो, कारण बरेच जण नुसते स्टार बघून पुढे सरकतात. ही दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन एम-४० पोलादी हेल्मेटची रेप्लिका, म्हणजे हुबेहूब नक्कल, आणि हेल्मेट चांगलं आहे. फारच चांगलं आहे आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे. विकणाऱ्याचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, या धंद्यात तो काही एकटा नाही, असे ढीगभर आहेत आणि बहुतेकांच्या यादीत तेच तीन पर्याय असतात: नवं कोरं फॅक्टरी फिनिश, ‘थोडं वापरलेलं’ आणि ‘बॅटल एज्ड’, म्हणजे लढाईतून आल्यासारखं जुनाट करून दिलेलं. मी तिसरं मागवलं. कारण साधं, माझ्याकडची जी अस्सल आहेत ती मी कोणाच्या हातात देत नाही, घामाने चामडं खराब होतं आणि बघायला येणाऱ्या प्रत्येकाला ते डोक्यावर घालून फोटो काढायचाच असतो, तर त्यांच्यासाठी एक हाताळायचं हेल्मेट हवं होतं. दुसरं म्हणजे आजचे नकलाकार कुठवर पोचलेत ते जवळून बघायचं होतं.

पॅकिंग झकास. डबल खोका, आत भरपूर कागद, कुठे पोचा नाही. डिकॅल्स (हेल्मेटवर चिकटवायची चिन्हं) वेगळ्या पाकिटात येतात, लावलेली नसतात. जर्मनीत फौजदारी कायद्याच्या कलम ८६-ए खाली नाझी चिन्हं उघड दाखवायला बंदी आहे (शिक्षण, संशोधन, कला वगैरेंना सूट आहे), त्यामुळे तिकडचे विक्रेते फोटोतसुद्धा गरुडाच्या पायाखालच्या स्वस्तिकावर पट्टी टाकतात. मी ते पाकीट उघडलं, भिंगातून बघितलं आणि परत ठेवून दिलं. लावणार नाहीये. त्या चिन्हाची हौस नाही, आणि डिकॅलशिवायचं एम-४० हे काही चुकीचं दिसत नाही, ते पुढे येईलच.

ज्यांना यातलं फार माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. जर्मन पोलादी हेल्मेट पहिल्या महायुद्धात १९१६ मध्ये आलं, त्याचं डिझाइन हनोव्हरच्या टेक्निकल कॉलेजातल्या फ्रीडरिश श्वेर्डचं. मग १९३५ ला त्याचंच आटोपशीर रूप म्हणजे एम-३५, ज्यात हवेच्या भोकांना वेगळी नळकांडी बसवलेली असायची. १९४० मध्ये काम सोपं करायला ती भोकं शेलच्या, म्हणजे बाहेरच्या पोलादी कवचाच्या, पत्र्यातच दाबून काढायला लागले, ते एम-४०. आणि १९४२ ला कड आत वळवणंही बंद केलं, नुसती बाहेर काढून सोडून दिली, ते एम-४२. बास, एवढं कळलं की निम्मी फसवणूक टळते, कारण एम-४२ ला ‘अर्ली वॉर’, म्हणजे युद्धाच्या सुरुवातीचं, म्हणून खपवणारे महाभाग अजूनही भेटतात.

आता हे हेल्मेट. आकार बरोबर आहे, आणि हे मी सहज म्हणत नाहीये. जुन्या रेप्लिका मी बऱ्याच पाहिल्यात, त्यांचा मागचा आणि कानावरचा भाग सुपासारखा पसरलेला असायचा, लांबूनच कळायचं. याचा उतार, पुढच्या झाकणीचा कोन, भोकांच्या कडेचा फुगवटा, सगळं जागच्या जागी. कड आत वळवलेली आहे आणि वळण एकसारखं आहे. वजन हातात घेतल्यावर अस्सल एम-४० च्या एवढं जवळ की डोळे मिटून दिलं तर मी पैज लावणार नाही. पोलाद मात्र साधं मऊ आहे, विकणाऱ्याने स्वतःच माहितीपत्रकात लिहिलंय की हे संरक्षणासाठी वापरू नका, ते प्रामाणिक वाटलं.

रंग अस्सल एम-४० सारखा किंचित खरखरीत करड्या हिरव्याकडे झुकणारा. लायनर, म्हणजे आतलं अस्तर, आठ पाकळ्यांचा, चामड्याचा, वरती दोरी ओवलेली. चामडं जरा ताठ आहे आणि वास येतो बुटाच्या पॉलिशचा, कारण ते पॉलिशनेच जुनं केलंय. यूव्ही टॉर्च मारला तर शिलाईचा दोरा निळसर पांढरा चमकतो. हा जुना पण कामाचा प्रकार आहे: कपडे-दोरे झळझळीत दिसावेत म्हणून जी केमिकल्स घालतात ती युद्धानंतरच सर्रास आली, त्यामुळे चमकणारा दोरा बघितला की कान टवकारायचे. पण एकट्या टॉर्चवर निकाल देऊ नका हां, अस्सल लायनर कोणी हौसेने डिटर्जंटने धुतला असेल तर तोही चमकतो. आणि उलट, आता हुशार नकलाकार जुनाच दोरा शोधून वापरतात.

जुनाट करण्याचं काम, ज्याचे जादा पैसे लागतात, ते सावकाश बघितलं. वरच्या घुमटावर झीज सुंदर काढलीय, जिथे हात लागतो तिथे रंग पातळ, पुढच्या कडेला खरडल्यासारखं, मागे दोन ओरखडे, त्यात गडद तपकिरी गंज. नारिंगी नाही, तपकिरी. नारिंगी गंज म्हणजे मिठाचं पाणी नाहीतर व्हिनेगर मारून घाईघाईने केलेलं काम, हा माणूस घाईत नव्हता. लांबून दहापैकी दहा. मग मी लायनर धरून ठेवणाऱ्या तीन पिनांपैकी एक उघडली. आत पिनेच्या दोन पाकळ्या एकदाच वाकवलेल्या, चकाचक, आणि लायनरच्या पट्टीखालचा रंग कोरा करकरीत. अस्सल हेल्मेट गंजतं ते आधी तिथे, जिथे घाम आणि दमटपणा अडकून बसतो, पट्टीच्या मागे, पिनांच्या भोवती, कडेच्या वळणाच्या आत. इथे उलटं, बाहेर सगळी लढाई झालेली आणि आत लग्नाच्या आदल्या दिवसाची शांतता. शिवाय पिनेच्या टोपीभोवतीचा रंग किंचित चिरलाय, म्हणजे शेल आधी जुनं केलं आणि लायनर नंतर बसवला. हे मी विकणाऱ्याची चूक म्हणून सांगत नाहीये, त्याने रेप्लिका म्हणूनच विकलंय. पण तुम्हाला कोणी असं हेल्मेट ‘आजोबांच्या माळ्यावर सापडलं’ म्हणून दाखवलं तर कुठे बघायचं ते कळावं.

आणि आता खरा मुद्दा. आत डाव्या बाजूला शिक्का आहे, ‘ईटी ६४’. ईटी म्हणजे जर्मनीतल्या थाले इथला कारखाना आणि ६४ म्हणजे शेलचा साइझ, हे अस्सल हेल्मेटवरचे शिक्के आहेत, हुबेहूब त्याच जागी. मागच्या बाजूला आतून लॉट नंबरसुद्धा मारलाय. एवढा सगळा तपशील पोलादात ठोकलेला. आणि ‘रेप्लिका’ हा शब्द कुठे आहे माहितीये? घुमटाच्या आत एका कागदी स्टिकरवर. नखाने उचकटला तर एका झटक्यात निघाला, खाली गोंदाचा डागही नाही.

यावर कोणी म्हणेल त्यात काय एवढं, घेणाऱ्याला माहितीये ना. पहिल्या घेणाऱ्याला माहितीये. प्रश्न दुसऱ्याचा आणि तिसऱ्याचा आहे, आणि हेल्मेटांच्या नकलांचा सगळा इतिहास हाच आहे, की बनवणारा बऱ्याचदा फसवत नाही, पुढचा फसवतो.

म्युनिकचा अर्न्स्ट श्मिट घ्या. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला तो जुन्या चिलखतांच्या आणि शिरस्त्राणांच्या फार उत्तम प्रती बनवायचा आणि प्रत म्हणूनच उघडपणे कॅटलॉगमधून विकायचा. पण त्या इतक्या चांगल्या होत्या की दोन-चार हात बदलेपर्यंत त्यातल्या काही ‘सोळाव्या शतकातल्या’ होऊन बसल्या. श्मिटने गुन्हा केला का? नाही. त्याच्या कामावर न पुसता येणारी खूण असती तर? असो.

त्याच्याही आधी लंडनमध्ये सॅम्युअल प्रॅट नावाचा व्यापारी होता, हा मात्र भोळा नव्हता. १८३९ मध्ये स्कॉटलंडात एग्लिंटनला सरदार लोकांनी मध्ययुगीन थाटाची भाल्यांची टूर्नामेंट भरवली, चिलखतं घालून, घोड्यांवर बसून (पावसाने सगळ्याचा चिखल झाला ती गोष्ट वेगळी), त्यांना सामान पुरवणारा हाच प्रॅट. शूरवीरांचं वेड एवढं पसरलेलं की मोठमोठी बादलीछाप शिरस्त्राणं सगळ्यांना हवी, आणि तेराव्या-चौदाव्या शतकातली अस्सल तर हाताच्या बोटावर मोजण्याइतकी उरलेली. मग थॉमस ग्रिमशॉ नावाचा कारागीर ती बनवायचा, गंजवायचा आणि ती प्रॅटच्या दुकानातून जुनी म्हणून जायची. म्हणजे बघा, मागणी आधी, मग गंज. जवळजवळ दोनशे वर्षं झाली, रेसिपी तीच आहे.

पिकेलहाउबे म्हणजे टोकवालं प्रशियन हेल्मेट, १८४२ पासूनचं. याची गंमत अशी की पहिलं महायुद्ध संपल्यावर ही इतकी झाली होती की नकली बनवायची गरजच नव्हती. १९१९ मध्ये अमेरिकेत व्हिक्टरी लोन, म्हणजे युद्धकर्जाचे रोखे, विकायला जप्त केलेली जर्मन हेल्मेट्स वापरली, न्यूयॉर्कमध्ये ग्रँड सेंट्रल स्टेशनजवळ तर त्यांचा अख्खा पिरॅमिड रचला होता, फोटो आहेत, बघून डोकं चक्रावतं. एवढा माल असताना नकली कशाला करेल कोणी, तर करतात ती बढती. साध्या शिपायाचं हेल्मेट घ्यायचं आणि त्याचा ऑफिसर करायचा: टोकाच्या बुडाशी गोल खिळ्यांऐवजी चांदणीच्या आकाराचे बसवायचे. नाहीतर पुढची पितळी प्लेट बदलून दुर्मीळ रेजिमेंटची लावायची, ब्राउनश्वाइगच्या ९२व्या रेजिमेंटची कवटीवाली प्लेट तर सगळ्यांचीच लाडकी. पकडायचा मार्ग एकच, प्लेट हळूच काढायची आणि खालच्या चामड्यात जादाची भोकं आहेत का बघायचं. फ्रेंच एड्रियन हेल्मेटचंही तेच, १९१५ चं, पुढचा बिल्ला फक्त चिरांमधून अडकवलेला असतो, साधा फ्रेंच पायदळाचा काढून रशियन दोन तोंडी गरुड लावला की भाव कुठल्या कुठे.

इंग्रजांचं थाळीसारखं ब्रोडी हेल्मेट मात्र जरा सज्जन आहे, त्याला खिशातलं चुंबक पुरतं. अगदी सुरुवातीची थोडी सोडली तर ती मँगनीज पोलादाची असतात आणि त्याला चुंबक जवळजवळ लागतच नाही. फट्कन चिकटलं तर प्रश्न विचारायला सुरुवात करा.

दुसऱ्या महायुद्धात तर लोकांनी युद्ध संपायचीही वाट बघितली नाही. पॅसिफिकमध्ये अमेरिकन नौदलाचे सीबीज, म्हणजे बांधकामवाले, जपानी झेंडे स्वतः शिवून-रंगवून नव्याने आलेल्या खलाशांना आणि वैमानिकांना ‘लढाईत मिळालेले’ म्हणून विकायचे. लढाई चालू, आणि मागे कारखाना चालू! म्हणून कोणी सांगितलं की ‘हे थेट त्या सैनिकाच्या घरच्यांकडून आलंय, खोटं कसं असेल’, तर असू शकतं, आजोबांनाच टोपी घातलेली असू शकते.

१९४५ नंतर जर्मनीत हेल्मेटांना काडीची किंमत नव्हती. धातूची टंचाई, घरात भांडी नाहीत, तर लोकांनी त्यांना भोकं पाडून गाळणी केली, कान लावून रात्रीची मूत्रपात्रं केली, शेणखताचं पाणी उपसायला दांडा लावला. नॉर्वेच्या सैन्याने मागे राहिलेली हजारो रंगवून परत वापरात घेतली, पश्चिम जर्मनीच्या सीमा पोलिसांनीही घेतली. साठच्या दशकात अमेरिकेत मोटरसायकलवाले ती क्रोम करून घालायला लागले. आणि मग हळूहळू गंभीर संग्राहक आले, पैसे आले, आणि ज्या गोष्टीला पैसे मिळतात ती गोष्ट बनायला लागली.

ती गोष्ट म्हणजे डिकॅल. आता गणित बघा. एम-३५ ला सुरुवातीला दोन असायची, एका बाजूला काळा-पांढरा-लाल ढालीचा बिल्ला, दुसऱ्या बाजूला गरुड. मार्च १९४० मध्ये तिरंगी ढाल काढायचा हुकूम झाला, १९४३ मध्ये लष्करी गरुडही बंद झाला. म्हणजे युद्धाच्या उत्तरार्धातली ढीगभर हेल्मेट्स मुळात बिनडिकॅलची. आणि बाजारात किंमत कशाला? डिकॅलला, त्यातही एसएस या नाझी पक्षाच्या सशस्त्र दलाच्या डिकॅलला. मग नॉर्वेतून आलेलं, रंग खरवडलेलं, शंभर टक्के अस्सल शेल घ्यायचं आणि त्यावर एक इंचाची खोटी चिकटपट्टी लावायची. पोलाद खरं, लायनर खरा, गंज खरा, खोटं फक्त तेवढंच. हंगेरीचं एम-३८ घेऊन मागची रिव्हेट केलेली कडी काढायची, भोक भरायचं आणि जर्मन म्हणून द्यायचं. स्पॅनिश हेल्मेटच्या पुढचा बिल्ला अडकवायचा हुक कापायचा. पूर्व युरोपात जमिनीतून खणून काढलेली चाळणी झालेली शेल्स भरून, रंगवून, परत जुनी करून. या सगळ्यात माझ्या खोक्यातल्या रेप्लिकेसारखं नवं पोलाद लागतच नाही.

डिकॅलचं अजून एक. एसएसच्या एका प्रकारच्या डिकॅलला संग्राहकांत ‘शॅम्पेन रून्स’ म्हणतात, रंगावरून (रून्स म्हणजे एसएसची विजेसारखी दिसणारी दोन अक्षरं). ते बरीच वर्षं चांगल्या चांगल्या कलेक्शन्समध्ये अस्सल म्हणून मिरवलं आणि मग जाणकारांनी बारकाईने तपासल्यावर आज बहुतेक लोक ते युद्धानंतरचं मानतात. विचार करा, एखादं खोटं लवकर बाजारात आलं, पुरेशा लोकांकडे गेलं की पुढचा माणूस त्यालाच नमुना धरून ताडून बघतो. ‘माझं त्याच्यासारखं आहे, म्हणजे खरं.’ दोघंही खोटे.

अमेरिकन एम-१ ची तर कथाच वेगळी. दुसऱ्या महायुद्धात दोन कोटींहून जास्त बनली, मकॉर्ड आणि श्ल्यूटर या दोन कंपन्यांत, त्यामुळे साधं हेल्मेट नकली करायचा वेडेपणा कोणी करत नाही. करतात ते रंगकाम. साध्या शेलवर बाजूला पांढरा इस्पिक काढला की १०१व्या एअरबोर्न, म्हणजे हवाई मार्गाने उतरणाऱ्या, डिव्हिजनची ५०६वी रेजिमेंट, बदाम काढला की ५०२वी, चौकट ५०१वी, किलवर ३२७वी ग्लायडर. पाच मिनिटांचं काम आणि पाच रुपयांचा रंग. त्याहून मेहनती लोक साध्या हेल्मेटच्या बाजूच्या कड्या तोडून पॅराट्रूपरच्या ‘डी’ आकाराच्या कड्या वेल्ड करतात. इथे तारखा कामाला येतात, सुरुवातीच्या एम-१ ला कडेच्या पट्टीचा जोड पुढे असतो, १९४४ च्या शेवटाकडे तो मागे गेला, तेव्हा मागे जोड असलेल्या शेलला ‘डी-डेला (जून १९४४, नॉर्मंडी) उतरलेलं’ म्हणून कोणी दाखवलं तर नमस्कार करून उठायचं. आणि सुरुवातीच्या बऱ्याच शेल्सना कडेजवळ ताणाने तडा जायचा. हा छंदच असा आहे की लोक तडा गेलेला बघून खूश होतात.

पण सगळ्यात भारी माणूस म्हणजे कॉनराड कुयाऊ. हो, तोच हिटलरच्या खोट्या डायऱ्यांवाला, ज्याच्या वह्यांसाठी जर्मनीच्या स्टेर्न मासिकाने १९८३ पर्यंत ९३ लाख मार्क मोजले आणि ज्याला पुढे साडेचार वर्षांची शिक्षा झाली. त्याच्या आधी तो स्टुटगार्टमध्ये लष्करी जुन्या वस्तूंचा व्यापार करायचा. त्याच्याकडे पहिल्या महायुद्धातलं एक हेल्मेट होतं, अस्सल, गंजलेलं, किंमत चार-दोन मार्क. त्याने काय केलं, हेल्मेटला हात लावला नाही. एक चिठ्ठी लिहिली, की ऑक्टोबर १९१७ च्या शेवटी बेल्जियममधल्या ईप्रला हे हेल्मेट हिटलरने घातलं होतं, आणि खाली सही ठोकली हिटलरचा जवळचा सहकारी रुडॉल्फ हेसची. संपलं. भिंग लावा, यूव्ही मारा, पिना उघडा, पोलाद तपासा, सगळं पास होईल, कारण हेल्मेट खरंच आहे!

म्हणून सर्टिफिकेटवाल्यांबद्दल माझं मत फार चांगलं नाही. मध्यंतरी एक्सआरएफ मशीनने तपासून दिलेल्या कागदांची हवा होती. ते मशीन भारीच आहे, एक्सरे मारून रंगात कुठली मूलद्रव्यं आहेत ते सांगतं. पण वय सांगत नाही, हे लोक विसरतात. समजा पांढऱ्या रंगात टायटॅनियम सापडलं. तर टायटॅनियमचा पांढरा रंग १९२० च्या दशकापासून बाजारात आहे, नंतरचा सुधारित प्रकार स्फटिकाच्या रचनेने वेगळा, आणि एक्सआरएफला मूलद्रव्य दिसतं, स्फटिक दिसत नाही. म्हणजे त्यातून एखादी ढोबळ चोरी पकडता येईल, पण ‘अस्सल आहे’ असा शिक्का त्यातून निघत नाही. तरी तो निघतो, लॅमिनेट होतो, आणि हेल्मेटाबरोबर विकला जातो, आणि माझ्या अनुभवाने कागद जेवढा जाड तेवढं हेल्मेट जास्त वेळ बघायचं.

तर या सगळ्या पार्श्वभूमीवर माझ्या समोर हे हेल्मेट आहे, ज्यात आकार, शिक्के, लॉट नंबर, गंज सगळं तयार मिळतंय आणि ओळख पटवणारी एकमेव खूण नखाने निघतेय. ग्रिमशॉला गंजवायला मेहनत घ्यावी लागायची, इथे ड्रॉपडाउनमधून निवडायचं. अमेरिकेत १९७३ पासून हॉबी प्रोटेक्शन अ‍ॅक्ट आहे, नकली नाण्यांवर ‘कॉपी’ असं उठवावंच लागतं, न पुसता येईल असं. हेल्मेटं त्या कायद्यात नाहीत. नाण्यांवाल्यांना जे पन्नास वर्षांपूर्वी कळलं ते आपल्यात अजून कोणी मनावर घेत नाही, कारण बनवणाऱ्याला माहितीये की ‘बॅटल एज्ड’ घेणाऱ्यांमधला एक वर्ग नेमका ती खूण नसावी म्हणूनच घेतो. सगळे नाही, नाटकवाले, शॉर्टफिल्मवाले, लढाईचे प्रसंग उभे करणारे हौशी गट, यांना जुनाट दिसणारं खरंच लागतं, मी स्वतःच एक घेतलंय. पण त्यांच्यापैकी कोणालाही लायनरच्या आत, जिथे कोणाला दिसत नाही तिथे, एक शब्द ठोकलेला असला तर काय फरक पडतो? कॅमेऱ्याला लायनरच्या आतलं दिसत नाही.

मी माझ्यापुरतं अक्षरांचे पंच आणून मागच्या बाजूला, लॉट नंबरच्या अगदी शेजारी, ‘रेप्लिका’ ठोकून घेतलंय. मऊ पोलाद असल्याने छान उमटलं, बाहेरून काही कळत नाही. फक्त एक सांभाळा, बाहेरून लाकडाचा ठोकळा धरून मारा नाहीतर बाहेर फोड येतो. पंचाने जो रंग उडतो तिथे लगेच तेलाचं बोट फिरवा.

बाकी घेणाऱ्यांसाठी थोडक्यात. साइझचा गोंधळ होतो, शेलवर जो ६४ आहे तो डोक्याचा नाही, त्यात ५६-५७ च्या डोक्याचा लायनर बसतो, तेव्हा डोकं मोजून मागवा. हनुवटीच्या पट्ट्याचं चामडं बरं आहे पण बकल हलकं, दोनदा घट्ट केलं तर वाकेल असं वाटतं. लायनरचं पॉलिश पहिल्या काही वेळा कपाळाला लागतं, पुसून घ्या, विशेषतः पांढरी टोपी-बिपी घालणार असाल तर. ज्याला नुसतं शोकेससाठी हवंय त्याने फॅक्टरी फिनिश घ्यावं, माझ्या मते तेच जास्त देखणं आहे, आणि १९४० साली ते कारखान्यातून बाहेर पडताना तसंच दिसत होतं, गंजलेलं नव्हतं. हे लोक विसरतातच, सैनिकाला मिळालं तेव्हा ते नवं होतं.

आणि हो, मी विकणाऱ्याला मेल करून विचारलं होतं की बाबा स्टिकरऐवजी पोलादात शिक्का मारून द्याल का. उत्तर लगेच आलं, नम्र होतं. फॅक्टरी फिनिशवर मारून देतो म्हणाला, त्याचे जादा पैसेही नाहीत. बॅटल एज्डवर मात्र देत नाही, का, तर गिऱ्हाईकं परत पाठवतात.